पाणक्यांची नावं मी काढली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, चळवळीतल्या मित्रांना तर नाहीच. सभेत उभं राहून दुसऱ्यांच्या खोटेपणाचे वाभाडे काढणारा माणूस मी. माझं स्वतःचं खोटं कुठल्या सभेत सांगणार? तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मध्येच उठून मला थांबवणार नाही. थांबवलं असतंत तर मी सुटल्यासारखा गप्प बसलो असतो — इतकी माझी लायकी मला ठाऊक आहे.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. नाशिकला कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा जण रविवारी दुपारी एक खेळ खेळायचो. कुणाच्या तरी आतेभावाने परदेशातून आणलेल्या नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स आमच्याकडे होती. खेळ सगळा तोंडी. एकाने अख्खं काल्पनिक जग रचायचं, डोंगर, राज्यं, राक्षस, जादू. आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. "समोर दरी आहे. काय करतोस?" असं विचारलं की उत्तर द्यायचं आणि फासा टाकायचा. वीस बाजूंचा फासा नाशकात कुठे मिळणार? आम्ही चिंचोक्यांवर एक ते वीस आकडे लिहिले होते. डब्यात हात घालून एक काढायचा.

जग रचायची विशाखा. तिचे वडील अंबडला एका कारखान्यात फिटर होते. तिथून रद्दीत निघालेले ड्रॉइंगचे मोठे कागद ते घरी आणायचे, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिने नकाशे काढले होते. तिच्या जगातली नदी डोंगराच्या पोटातून वाहायची. वरच्या गावांना पाणी पोचवायचे ते पाणके. हातात शस्त्र नाही, अंगात ताकद नाही, सगळ्यांत दुबळे. पण विशाखाचा एक नियम होता, त्या पुस्तकात कुठेही नसलेला. समोरच्याचं नाव विचारल्याशिवाय त्याच्यावर हात उचलायचा नाही. आणि विचारलं की तिच्या वहीत ते नाव असायचंच. बेचाळीस पाणके, बेचाळीस नावं, घरी कोण वाट बघतंय तेसुद्धा. त्यातली बरीचशी नावं वडिलांच्या पाळीतल्या कामगारांची होती.

आमच्यातला निफाडचा गडी वैतागायचा. "अगं, मारू दे की एखादा! मला काय त्याच्या बारशाला जायचंय?"

"जा की. घुगऱ्या मिळतील," विशाखा म्हणायची.

दोन वर्षांत आमच्या हातून एकही पाणक्या मेला नाही. नाव कळल्यावर हात उचलवत नाही — हे तिला विशीत कळलं होतं. मला? मी समतेवर पत्रकं लिहीत होतो.

मग केदार आला. पुण्याचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ईमेलवरच्या एका गटात भेटलेला. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्याने इंटरनेटवरून खेळायचा एक खेळ उभा केला होता. चित्रं नाहीत, नुसता मजकूर, इंग्रजी अक्षरांतली मराठी. गावोगावची माणसं एकाच वेळी त्यात शिरू शकत. त्याला जग हवं होतं. विशाखाने आपलं दिलं. मी पत्रकं टाइप करायचो, माझा हात भरभर चालायचा, म्हणून वही माझ्याकडे आली. "नीट घाल रे," एवढंच ती म्हणाली.

नीट!

केदारने एक तक्ता पाठवला होता. ठिकाण, प्राणी, ताकद, मारल्यावर मिळणारे गुण. मी तो भरत गेलो. मग ईमेलवर त्याचं पत्र आलं. दोन प्रश्न होते. हा नाव विचारायचा नियम मला आवडलाय, तो बसवायला आठवडा लागेल, बसवू का? आणि नव्या खेळाडूला सुरुवातीला मारायला काहीतरी सोपं लागतं, काय घालू?

मी काय उत्तर दिलं? इथवर येऊन मी परत टाळतो आहे — बघा, अजूनही टाळतो आहे. मी लिहिलं, नियम काढून टाक, लोक कंटाळतील. मारायला पाणके घाल. नावं नकोत.

मला गर्दी हवी होती. लवकर हवी होती. बस्स.

खेळ सुरू झाला त्या आठवड्यात विशाखा माझ्याबरोबर कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत आली. शेजारच्या कॉम्प्युटरवर दोन पोरं खिदळत होती. "लय सोपं हाय! चार मारले, परत उगवतात!" पडद्यावर ओळीमागून ओळ येत होती. पाणक्या मेला, पाच गुण. पाणक्या मेला, पाच गुण. ती बराच वेळ उभी राहून वाचत होती. मग माझ्याकडे वळली. "हे कुणी केलं?"

"केदारने," मी म्हणालो. विचार करायलाही थांबलो नाही.

इथे थांबलो असतो तर साधा खोटारडा ठरलो असतो. मी पत्रक काढलं. 'कष्टकऱ्यांच्या मरणाचा खेळ बंद करा!!!' मथळ्याला तीन उद्गारचिन्हं. मजकूर उत्तम उतरला होता. स्वतःच्या कृत्याचा मी इतका जळजळीत निषेध केला की वाचणाऱ्यांचे डोळे भरून आले. केदारचं आडनाव मी मुद्दाम पूर्ण छापलं. आडनावावरून जात कळली की आमच्या चळवळीत कुणी पुरावा मागणार नाही, हे मला नेमकं माहीत होतं. कुणी मागितला नाही. विशाखाने खाली सही केली. पत्रक पुण्याला त्याच्या कॉलेजात गेलं, खेळ बंद झाला, त्याला विभागात बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं गेलं.

ईमेलवर त्याचं एकच पत्र आलं. माझं जुनं उत्तर त्याने मलाच परत पाठवलं होतं, वर-खाली एक अक्षरही न लिहिता. ते त्याने दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं तर मी त्याच दिवशी संपलो असतो. त्याने दाखवलं नाही. मी ते पुसून टाकलं, आणि संध्याकाळी अन्यायाविरुद्धच्या मोर्चात घोषणा दिल्या.

विशाखाने पुन्हा जग रचलं नाही. रविवार सुटले. आता ती शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो, तर तिने नवऱ्याशी ओळख करून दिली, "माझ्या बाजूने उभा राहिलेला हा एकच." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. मी पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा वाढून घेतले.

हे लिहून झालं तेव्हा आधी तिला दाखवायला हवं होतं. तिच्या शाळेपर्यंत गेलो, फाटकातून परत फिरलो आणि मजकूर सरळ छापायला दिला. म्हणजे विशाखा, तुलाही हे इतरांबरोबरच कळतं आहे.