डाव्या माइकमधला ठेका

सोमाजीभाऊ काल दुपारी गेले. मी त्यांच्याशी दोनदा खोटं बोललोय.

हे इथे लिहितोय, कारण त्यांच्या तोंडावर सांगायची वेळ गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सोमाजीभाऊ म्हणजे सावली गावाकडचे पेटीमास्तर. झाडीपट्टीच्या नाटकांत तीसेक वर्षं हार्मोनियम वाजवली. डाव्या हाताला तबल्यावर कायम बाजीरावभाऊ. हट्टीपणात एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

शेवटी शेवटी बाजीरावभाऊंचा हात मंदावला. डग्गा समेवर केसभर उशिरा पडायचा.

एका मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात सोमाजीभाऊंनी चालू पदात पेटी थांबवली आणि माइकवरच बोलले, "बाजीराव, हात म्हातारा झाला तुहा."

सगळं गाव हसलं.

बाजीरावभाऊंनी तिथेच तबला कपड्यात बांधला. "तुह्या बाजूले आता बसत नाई," म्हणाले आणि निघून गेले.

आठ दिवसांत वारले. छातीत कळ आली, बस्स.

महिन्याभराने सोमाजीभाऊ एस.टी.ने गडचिरोलीला आले, माझ्या स्टुडिओत. पेटी स्वतः उचलून.

"तेच पद रेकॉर्ड करायचं आहे मले. अर्धं राह्यलं होतं."

"तबल्याला कोण?"

"तू माइक लाव ना."

मांडी घालून बसले. डावीकडे सतरंजीची घडी टाकली आणि तिच्यावर खर्र्याची, सुपारी-तंबाखूची, पुडी ठेवली. वाजवायच्या आधी बाजीरावभाऊंना खर्रा लागायचाच. जुन्या कलाकारांचं असतं काहीतरी.

पेटीसमोर दोन माइक लावले, हातभर अंतर ठेवून. असं केलं की पेटी ऐकताना छान पसरते. शिवाय जो आवाज ज्या बाजूचा, तो त्या माइकला आधी लागतो. डोळे मिटून सांगता येतं, काय कुठे होतं ते.

भाऊंनी पद वाजवलं. मध्ये मध्ये जागा सोडत होते, तबल्यासाठी. खोलीत पेटीशिवाय काही नव्हतं. मी तिथेच बसलो होतो.

ते चहाला बाहेर गेले तेव्हा मी हेडफोन लावला.

त्या सोडलेल्या जागांमध्ये ठेका होता.

हलका. कपड्यावरून बोटं मारावीत तसा. डाव्या माइकला आधी, उजव्याला मागून. मी स्क्रीनवर फरक मोजला. आवाज बरोबर सतरंजीच्या घडीवरून येत होता.

आणि डग्गा समेवर केसभर उशिरा.

भाऊ आत आले. दारातच उभं राहून विचारलं, "आला का तो?"

तेव्हा मला कळलं, हा माणूस रेकॉर्डिंगला आलाच नव्हता. बाजीराव अजून रुसून आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी म्हणालो, "कोण भाऊ? काहीच नाही."

घाबरलो होतो, दुसरं काय. माझ्याकडे भजनी मंडळं येतात, लग्नाचे बॅंडवाले येतात. 'त्या खोलीत काहीतरी आहे' एवढं जरी पसरलं तरी कुलूप लावायची पाळी. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या जागा साफ केल्या, दोन्ही बाजू एक केल्या आणि त्यांना तेवढंच ऐकवलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा आले. "आणखी एकदा लावून पाह्य."

या वेळी मी सेटिंगच बदललं. दोन्ही माइकची तोंडं एकमेकांजवळ, काटकोनात. अंतरामुळे भास झाला असेल तर तो इथे व्हायला नको. पंखा बंद केला. ठेक्यात गुडघा आपटू नये म्हणून भाऊंच्या गुडघ्याखाली उशी दिली. घड्याळसुद्धा बाहेर नेऊन ठेवलं.

ठेका आला. डावीकडूनच. पहिल्यापेक्षा स्पष्ट.

"आला का?"

"नाही भाऊ. वय झालं तुमचं, भास होतात."

बघा, कसा बोललो मी. नाटकात ते जे बोलले होते त्याहून वाईट.

ते चिडले नाहीत. सतरंजीकडे वळले आणि साध्या आवाजात म्हणाले, "आयकलं का बाजीराव? हा मनते, तू आलाच नाई."

माझ्या कानात हेडफोन होता. माइक चालू होते. डावीकडे कपडा घडी केल्यासारखा आवाज झाला. तबला बांधताना होतो तसा.

मग काहीच नाही.

तिसऱ्यांदा ते गेल्या महिन्यात आले. मी परत हातभर अंतराने माइक लावले. खरं सांगतो, या वेळी ठरवून बसलो होतो की जे ऐकू येईल ते त्यांना ऐकवायचं.

सोडलेल्या जागा रिकाम्या होत्या. पाच-सहा वेळा ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं.

"नाही आला भाऊ," मी म्हणालो. या वेळी खरं बोललो आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

"माह्यावर रुसूनच गेला मंग," म्हणाले. पेटी बंद केली. स्टॅंडपर्यंत मी पेटी धरतो म्हटलं, दिली नाही.

आज मातीला गेलो होतो. लोक पांगल्यावर सोमाजीभाऊंच्या पत्नीजवळ, वहिनींजवळ बसलो. पहिलं रेकॉर्डिंग, न कापलेलं, माझ्याकडे होतं. हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

त्या पूर्ण ऐकत बसल्या. मान डावीकडे झुकली होती.

"बाजीरावभाऊच आहेत," त्या म्हणाल्या. "असा उशिरा त्याईचाच पडे."

मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"मंग याईले काऊन नाई सांगितलं?"

मी हेडफोनची वायर गुंडाळत बसलो.

सोमाजीभाऊ, तो आला होता. दोनदा आला होता. रुसला असता तर पुन्हा आला नसता. त्याला परत पाठवणारा मी होतो.

हात जोडून निरोप देतो, भाऊ. जमलं तर माफ करा.