तिसरी तार

सोनाराच्या बोटाला एक खोड असते. बारीक कण उचलायचा झाला की बोट आपोआप जिभेकडं जातं. ओलं करायचं, कण टिपायचा. मी तीस वर्षं तेच केलं. आता नजर आणि हात दोन्ही थकलेत, तेर गावात घरापुढच्याच दुकानात तयार पैंजण विकतो. खोड मात्र तरणीताठी आहे.

पुतणी संशोधन करते. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती आणि इथूनच परस्पर दुसऱ्या शहरात जाणार होती. तिथं वस्तू पार उणे दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत गार करणारं यंत्र आहे. त्यावर तिला सहा महिने वाट बघून एकच दिवस मिळाला होता. डबीत तिनं स्वतः भट्टीत वाढवलेला तिळाएवढा स्फटिक होता. टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणे.

"म्हंजे काय गं?"

"धातू म्हणावं तर पुरता धातू न्हाय, काका. लई गार केल्यावर त्याच्यातून वीज कशी जाती, ते मोजायचंय."

त्यासाठी स्फटिकाला केसाहून बारीक अशा सोन्याच्या चार तारा चांदीच्या लेपानं चिकटवल्या होत्या. पण एसटीच्या धक्क्यांनी आपलं काम केलं. डबी उघडली तर तिसरी आणि चौथी सुटलेली. गाडी संध्याकाळची.

"काका, माझा हात थरथरतोय. तुमीच लावा."

आमची ही आतून म्हणाली, "ह्यांना? काल सुईत दोरा म्या ओवून दिला!"

पंखा बंद केला. डोळ्याला भिंग लावलं, कोपर टेकवलं, श्वास सोडला. चौथी बसली. तेवढ्यात पुतणीला फोन आला, ती अंगणात गेली. तिसरी तार चिमट्यातून निसटून फळीवर पडली. दोनदा धरली, दोनदा सुटली. मग बोट जिभेवर गेलं, तार टिपली आणि स्फटिकावर टेकवली. लेप जरा फेसाळला तेव्हा लक्षात आलं, आपण काय केलं ते.

"बसली?" तिनं दारातून विचारलं.

"बसली की."

ती पाया पडली. मी तिला बसस्टँडवर सोडून आलो.

दुसऱ्या दिवशी एका बाईला दोन पायांची दोन वेगळी पैंजणं दाखवली, तेव्हा राहवलं नाही. फोन लावला.

"बोला पटकन, काका. अर्ध्या तासात यंत्रात घालायचंय."

"तिसरी तार म्या थुकी लावून उचलली व्हती."

"थुकी? अन् आत्ता सांगताय? थुकीवर लेप धरत न्हाय, गार व्हताना तार सुटंल! एकदा आत गेल्यावर माझा दिवस गेला, काका!"

"शिव्या मागनं दे. तार काढ, जागा धू, परत लाव."

"माझा हात..."

"माझा काय दगडाचा हाय? कोपर टेकव. श्वास सोड, अन् घिऊ नको. आता टेकव."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. इकडं मीही श्वास सोडून बसलो होतो. गिऱ्हाईक बाई घाबरली. "सोनारमामा, पाणी देऊ का?"

"बसली," पलीकडून आवाज आला, आणि फोन बंद.

मग मेसेज. 'गार करायला लावलंय.' तासाभरानं, 'निम्म्यावर आलं. चारी तारा हायत.' त्यानंतर काहीच नाही. ही दोनदा जेवायला बोलावून गेली. ताट झाकून ठेवलं. मोबाईल इतक्यांदा उघडला की बॅटरी संपत आली.

चार वाजता मेसेज आला. 'तळाला पोचलं. तिसरी जरा कुरकुरतीय, पण धरून हाय. मोजायला घेतलं.'

मी ताटावरचं झाकण काढलं. भाकरी वातड झाली होती, तरी गोड लागली. दुसरा मेसेज आला: 'पुढच्या टायमाला तोंडाला फडकं बांधून बसायचं, काका.'

हिनं तो मोठ्यानं वाचला. लगेच कपाटातून फडकंही काढून आणलं.