भावजींची अर्धशिशी

आमच्या भावजींना अर्धशिशी कधीच नव्हती. ती मी जडवली. भावजी म्हणजे माझा धाकटा दीर. मुंबईत मोठमोठ्या पार्ट्या आणि लग्नं सजवणाऱ्या कंपनीत ते कामाला होते आणि तिथल्याच मंडळींच्या नादानं कोकेन ओढायला लागले होते. हे त्यांनी फोनवर माझ्या नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं मला सांगितलं, आणि सासूबाईंना सांगायची मात्र कुणाचीच छाती होईना. भावजी लांब रजा काढून शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी आले, तेव्हा त्यांचं उतरलेलं तोंड बघून सासूबाईंनी विचारलं, "काय झालंय ह्याला?" नवरा एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. मग मीच म्हणाले, "अर्धशिशी आहे." मी शाळेत शिकवते. पोरांच्या थापा ऐकून ऐकून माझाही हात बसलाय.

सासूबाई उजनीकाठच्या गावातल्या. अर्धशिशीला त्यांच्याकडे एकच औषध: उगवत्या सूर्याकडं तोंड करून दूध-जिलबी खायची. झालं! जानेवारीच्या थंडीत रोज पहाटे भावजी कानटोपी घालून गच्चीवर, हातात जिलबीची वाटी, आणि मागं सासूबाई, "सगळी संपव. सूर्य वर यायच्या आत." भावजींना गोड मुळीच आवडत नाही. जिना उतरताना ते माझ्याकडं असे बघायचे की मी स्वयंपाकघरात पळायचे. "वहिनी, पाठदुखी सांगितली असती तर काय बिघडलं असतं?" एवढंच ते पुटपुटायचे.

खरा इलाज दुपारी चालायचा. शहरातल्या एका मानसोपचार डॉक्टरांकडं मेंदूला चुंबकाचे ठोके देणारं मशीन होतं. डॉक्टर सरळ माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कोकेनवर हा हमखास इलाज आहे असं मी म्हणणार नाही. अजून अभ्यास चालू आहे. काहींची तलफ कमी होते. पण सोबत समुपदेशन घ्यायचं, आणि जुन्या संगतीत परत जायचं नाही. तिथं गेलात तर बिचारं मशीन काय करणार?" माझी शाळा सकाळची, म्हणून सोबत जायचं काम माझ्याकडं आलं. सासूबाईंना मी सांगितलं, डोक्याला चुंबकाचा शेक देतात. शेक म्हटल्यावर त्यांना पटलं.

भावजींना एका ऐसपैस खुर्चीत बसवलं, डोक्यावर घट्ट टोपी घातली आणि त्यावर पेनानं खुणा केल्या. घड्याळ, मोबाईल, बँकेची कार्डं सगळं माझ्या पर्समध्ये, कारण चुंबकाजवळ ते चालत नाही. मग डॉक्टरांनी डोक्याला आठच्या आकड्यासारखी चकती टेकवून ठोका दिला, तर भावजींचा अंगठा टुणकन उडाला. परत ठोका, परत अंगठा. किती जोराचा ठोका द्यायचा ते असं ठरवतात म्हणे. भावजी घाबरून म्हणाले, "वहिनी, मी नाही हलवला!" मी म्हटलं, "तुम्ही हात न हलवता काम झालं, यात नवीन काय?" डॉक्टरसुद्धा हसले. मग चकती जागेवर बसली आणि यंत्रमागासारखी टकटक सुरू झाली. भावजी डोळे मिटून बसले. मला मात्र त्या टकटकीत एकदम भरून आलं. लहान पोरासारखे वाटायला लागले ते मला.

त्यांना तलफ कशानं येते ते बघायला डॉक्टर पांढऱ्या पुडीचे फोटो दाखवायचे. मी ते चोरून बघितले आणि माझी झोप उडाली. आमचं घर म्हणजे पांढऱ्या पुडींचं कोठारच की! घरी आल्या आल्या मी मैदा, पिठीसाखर आणि नवऱ्याची पावडर गोधड्यांच्या कपाटात लपवली. दारातली रांगोळी उरली, तर तिच्यात हळद कालवली. सासूबाई दोन दिवस पिठीसाखर शोधत होत्या. नवरा पावडर कुणी पळवली या संशयानं हैराण झाला. शेवटी गोधडी काढताना भावजींच्याच अंगावर मैद्याचा डबा पडला. ते पांढरेफटक होऊन खाली बसले आणि हसत सुटले. "वहिनी, मी मैदा नाकात घालत नाही हो." मग अंगावरचा मैदा झटकत म्हणाले, "मला पांढऱ्या रंगाचं काही होत नाही. मोबाईलवर साहेबाचं नाव आलं ना, की तलफ उठते."

हा साहेब म्हणजे कंपनीतला त्यांचा वरिष्ठ. पहिली पूड त्यानंच दिली होती. रोज दुपारी तिकडं मशीन टकटकायचं आणि माझ्या मांडीवर पर्समध्ये त्याचा फोन घुरघुरायचा. "कधी येतोस?" हाच प्रश्न. आणि घरात सासूबाईंचा रोजचा पाढा, "अर्धशिशीपायी कुणी एवढी नोकरी सोडतंय व्हय? संक्रांत झाली की जा बाबा." त्यांनी शेंगाचटणी कुटली, कडक भाकऱ्यांची चळत बांधली आणि थोरल्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिकीट काढायला लावलं. आमच्या थोरल्यानं ते निमूट काढलंसुद्धा! मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "आईला काय कारण सांगू?" भावजींचीही तीच अडचण. डॉक्टरांनी त्या संगतीत परत जाऊ नका म्हणून बजावलेलं, आणि आम्ही तिघं शहाणे आमच्याच थापेत अडकलेले. गेले असते तर दोन दिवसांत पुन्हा सुरू झाले असते, हे ते स्वतःच मला म्हणाले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बॅग दारात आली. सासूबाई तीत चटणीचा डबा कोंबत होत्या आणि मी नुसती दारात उभी होते. तेवढ्यात कॉटवर फोन वाजला. साहेब. भावजींनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"उचल की," सासूबाई म्हणाल्या. "साहेबाचा फोन हाय."

फोन वाजून वाजून थांबला. भावजी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. "आई, मला अर्धशिशी नाही. मी नशा करायचो. कोकेनची."

"दारू व्हय?"

"नाही. पूड असते. नाकानं ओढतात."

"तपकिरीसारखी?"

"तपकिरीनं माणूस वाया जात नाही, आई."

सासूबाईंचा हात डब्यावरच राहिला. आता आकाशपाताळ एक करतील अशी माझी खात्री होती. पण त्यांनी हळू विचारलं, "कुटं मिळायची ती?"

"तिथंच. साहेबच देतो."

"म्हंजे मी रोज जा जा म्हणत हुते..." त्यांनी भावजींच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला हात तिथंच ठेवून रडायला लागल्या.

फोन पुन्हा वाजला. भावजी उचलायच्या आत सासूबाईंनी तो ओढून घेतला. "नमस्कार. मी त्याची आई. त्यो येत न्हाय आता. का म्हंजे? मी न्हाय म्हणती म्हणून." पलीकडून तो काहीतरी बोलत राहिला. यांना फोन बंद करता येईना. तो चालूच माझ्याकडं धरून म्हणाल्या, "ह्याचं तोंड बंद कर गं." मी केलं. माझे डोळे वाहत होते आणि हसूही आवरत नव्हतं.

मग मला माझ्या वाटणीचं मिळालं. मास्तरीण असून खोटं बोलतीस, वगैरे. ते सगळं मी आनंदानं ऐकून घेतलं. बॅगेतल्या भाकऱ्या निघाल्या, तिकीट रद्द झालं, आणि दुपारी मशीनला जायला सासूबाई चपला घालून आमच्या आधी तयार.

रिक्षात त्या मधे बसल्या. मग समोर बघतच भावजींना म्हणाल्या, "परत कवा तसं वाटलं, तर कुणाला सांगशील?"

"वहिनींना."

"तिला बी सांग," त्या म्हणाल्या. "पण आदी मला."