राहून गेलेल्यांना पत्र

सोमवारी भोरातली सलूनं बंद असतात. आमच्या मित्राचं सलून मात्र सोमवारी अर्धं शटर वर करून असायचं, आणि त्या शटरखालून वाकून आत जाणारे आम्ही दोघंच. एक मी, वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवण्यात हयात घालवलेला. दुसरा एक निवृत्त एसटी कंडक्टर. तिघांना सिनेमाचा नाद. तिघांची मतं कधी जुळली नाहीत, म्हणूनच मैत्री टिकली असावी.

दर वर्षी मराठी सिनेमाच्या एका मोठ्या पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली की त्यानंतरच्या सोमवारी आमची खास बैठक. चाहते त्या दिवसांत काय करतात ते मोबाईलवर दिसतंच. ज्याचं नाव आलं त्याचं अभिनंदन, आणि ज्याचं आलं नाही त्याच्यासाठी परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार. उद्धार आम्हीही करायचो, पण तो उरकला की सलूनवाला फण्या-कात्र्यांच्या खणातून पोस्टकार्डं काढायचा. ज्यांची नावं यायला हवी होती आणि आली नाहीत, त्यांना आम्ही पत्र लिहायचो. नामांकन मिळालेल्यांना नाही; त्यांना फुलं पाठवणारे पुष्कळ असतात. मजकूर मी सांगायचो. अक्षर कंडक्टरचं. चालत्या गाडीत तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरून भरून त्याच्या हाताला अशी शिस्त लागली होती की स्थिर टेबलावर तो छापल्यासारखं लिहायचा. पत्ता बहुतेक अंदाजानं टाकायचा. उत्तर यायचं नाही. एकदा एका नटाकडून सही छापलेला फोटो आला. सलूनवाल्यानं तो आरशाच्या कोपऱ्यात खोचला, आणि पुढच्या वर्षी त्या नटाला नामांकन मिळालं तेव्हा काढून टाकला.

मला हा रिवाज फार आवडायचा. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह, न पेटणारी समई आणि तिच्याभोवती वाकलेले पाच पाहुणे, या सगळ्याचा मला तिटकारा. वाचनालयाच्या किती वर्धापनदिनांना मी खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या असतील! आमचं कार्ड मला त्यावरचा उतारा वाटायचं. आपण त्या समारंभवाल्यांपैकी नाही, याचा गर्वही होता.

त्या वर्षी गाजलेला एक सिनेमा आमच्याच मुलखात घडला होता. राजगडाच्या पायथ्याला, पालीजवळच्या एका वाडीत त्याचं शूटिंग झालं. गडावरून उतरलेल्यांना पिठलं-भाकरी करून घालणारी एक मावशी तिथं राहते. शूटिंगवाले महिनाभर तिच्याकडे जेवले, आणि नायिकेच्या सासूचं काम करायला ठरलेली बाई ऐन वेळी आली नाही तेव्हा दिग्दर्शकानं ते काम मावशीलाच दिलं.

सिनेमा आम्ही पुण्याला जाऊन पाहिला. सासूला त्यात जेमतेम चार प्रसंग. त्यातल्या एकात सून तिला सांगायला येते की तुमचा मुलगा गेला. सासू ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. ती सुनेकडे बघत नाही, रडत नाही, निवडत राहते. बऱ्याच वेळानं आपल्या लक्षात येतं की ती तांदूळ अंगणात फेकते आहे आणि खडे सुपात ठेवते आहे. बस, एवढंच. कंडक्टरनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. परतीच्या एसटीत नसरापूर फाटा आला. फाट्यावर तो म्हणाला, "हिला मिळणार." तिघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

यादी आली तेव्हा सलूनवाल्यानं ती मोबाईलवरून मोठ्यानं वाचली. दिग्दर्शन होतं. नायिका होती. छायाचित्रण होतं. वेशभूषा होती; म्हणजे मावशीची लुगडी, कारण सिनेमात ती स्वतःच्याच ट्रंकेतली लुगडी नेसली आहे, हे दिग्दर्शकानंच कुठल्याशा मुलाखतीत कौतुकानं सांगितलं होतं. कलादिग्दर्शन होतं; म्हणजे मावशीचं घर. त्यावरची डिश उतरवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, एवढी त्यात कला. सहाय्यक अभिनेत्रीच्या रकान्यात पाच नावं होती. सलूनवाल्यानं ती दोनदा वाचली, खाली आणखी काही आहे का म्हणून बोटानं पडदा सरकवला. नव्हतं.

"घर आलं," कंडक्टर म्हणाला. "लुगडं आलं. म्हातारी राहिली."

"परीक्षकांनी सिनेमा बघितला का नुसतं पोस्टर?" सलूनवाला म्हणाला.

"बघितला असंल. झोपेत भाकरी खाल्ल्यागत."

त्या दिवशी एकच कार्ड लिहिलं गेलं. मी मजकूर सांगितला: आपलं काम आम्ही पाहिलं, तसं काम आम्ही पूर्वी पाहिलं नव्हतं. नामांकनांच्या यादीत आपलं नाव नाही. ही चूक यादीची आहे, आपली नाही. शेवटच्या वाक्यावर मी इतका खूश झालो की कंडक्टरला ते वेगळ्या ओळीवर घ्यायला लावलं.

"हे पोस्टात कशाला टाकायचं?" तो म्हणाला. "इतकी वर्षं पत्ते शोधले. ही तर वेल्ह्याच्या वाटेवरची. नेऊन देऊ. जाताना एक शाल घेऊ, नारळ घेऊ."

"शाल नाही," मी म्हणालो. "शाल दिली की आपण त्यांच्यातलेच झालो."

"अहो, थंडी केवढी पडलीय," सलूनवाला म्हणाला. "म्हातारीला पांघरायला तरी होईल."

मी ऐकलं नाही. पुढच्या सोमवारी नसरापूरहून वेल्ह्याची गाडी धरून आम्ही मार्गासनीला उतरलो आणि तिथून जीपनं पालीला गेलो. माझ्या खिशात कार्ड. बाकीचे दोघे रिकाम्या हातांनी.

मावशी अंगणात होती. तिला वाटलं गिऱ्हाईक. "तिघं का? बसा, आत्ता वाढते." आम्ही सिनेमा पाहून आलोय म्हटल्यावर ती उठून उभीच राहिली.

"पुन्याला जाऊन बगितला? तुमी?"

"व्हय," कंडक्टर म्हणाला.

"म्या अजून न्हाई बगितला. भाताची कापनी व्हती, मग झोडनी. आता जावई घिऊन जानार हायत टेम्पोतनं. लई मोठं दिसतं म्हनं? तोंड येवढं?" तिनं दोन्ही हात फाकून दाखवले आणि स्वतःच हसली. मग जरा हळू विचारलं, "बरं झालंय का?"

"मावशी, आमी तिघं बी रडलो," कंडक्टर म्हणाला.

तिनं पदर तोंडाला लावला. आत चुलीपुढं तिची सून भाकऱ्या थापत होती, तिला ओरडून म्हणाली, "ऐकलं का गं? रडली म्हनं मानसं!" इतकी खूश झालेली बाई मी कुठल्याही समारंभात पाहिलेली नाही. तिथं आम्ही जेवून निघालो असतो तर? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. पण खिशात कार्ड होतं आणि कार्डावर ते वाक्य होतं. मी ते काढून तिच्या हातात दिलं.

तिला वाचता येत नव्हतं. सून हात पुसत बाहेर आली आणि शाळेत वाचतात तसं एकेक शब्द तोडून मोठ्यानं वाचू लागली. यादीपाशी आल्यावर थांबली.

"कुठली यादी?" मावशीनं विचारलं.

"बक्षिसाची," कंडक्टर म्हणाला. "आधी नावं काढत्यात, मग त्यातनं येकाला देत्यात."

"बक्षीस असतंय व्हय त्याला?"

 आजवर आम्ही ज्यांना कार्डं पाठवली त्यांना यादी आमच्याआधी माहीत असायची. आमचं काम फक्त फुंकर घालण्याचं. इथं जखमच नव्हती. ती आम्ही एसटी बदलून, जीप करून, हातानं आणली होती.

"मग कुनाकुनाची आली?" तिनं विचारलं.

मी कंडक्टरच्या पायावर पाय ठेवला. पण ज्यानं जन्मभर पुढचा थांबा कुठला ते विचारणाऱ्याला खरं सांगितलं, तो आता काय लपवणार? त्यानं सगळी यादी सांगितली.

"आत्या, आपलं घर आलं की!" सून म्हणाली. मावशीही हसली.

"लुगडं बी?"

"व्हय."

"हिरवं का? थोरल्यानं घेतल्यालं हाय त्ये." मग कार्ड सुनेच्या हातातून घेऊन तिनं त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. "म्हंजी घर बरं व्हतं, लुगडं बरं व्हतं. म्याच कमी पडले."

आम्ही तिघं एकदम बोलू लागलो. चूक त्यांची आहे, त्यांना कळत नाही, असल्या याद्या अशाच असतात. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांनी धीर दिला की पेशंट जसा ऐकतो, तसं तिनं ते ऐकून घेतलं.

"येवढी शिकल्याली मानसं यादी करत्यात. उगं कशाला गाळतील?" ती म्हणाली. "त्ये तांदूळ फेकल्यालं आसंल. साह्यबांनी नुसतं निवडत बसा म्हनून सांगितलं व्हतं. फेका म्हनलं न्हवतं. आमचा थोरला हायवेला गेला, तवा निरोप आला न् म्या आशीच निवडत बसले व्हते. मागनं हिनं बगितलं तर सुपात नुसतं खडं. त्ये आठवलं, न् हात तसंच चाललं माझं. अन्न हाय त्ये. लोकांम्होरं फेकाया नको व्हतं."

सून म्हणजे त्या थोरल्याची बायको. ती आत गेली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला.

मी अभिनयावरची पुस्तकं वाचलेली आहेत. वाचनालयात ती दुसरं कुणी नेत नसे, म्हणून सगळी मीच वाचली. "मावशी, तेच तर..." एवढंच मी म्हणालो. मुलाच्या मरणाच्या दिवशी तुमचे हात जे करत होते तो फार वरच्या दर्जाचा अभिनय होता, हे एखाद्या आईला कुठल्या शब्दांत सांगतात?

तिनं आम्हाला जेवू घातलं. आग्रह करून वाढलं. सिनेमाविषयी पुन्हा एक शब्द काढला नाही.

परतताना जीपमध्ये सलूनवाला म्हणाला, "शाल नेली असती तर बरं झालं असतं."

"त्यानं काय झालं असतं?"

"तिला वाटलं असतं, बक्षीसच आलंय."

त्याचं बरोबर होतं. शाल वाचून दाखवावी लागत नाही. नारळ कुठल्या यादीत कोण नाही ते सांगत नाही. ज्या सोंगाची मी आयुष्यभर टिंगल केली त्यानं तिचा दिवस चांगला गेला असता. माझ्या खऱ्या वाक्यानं तो नासला.

मावशी सिनेमा पाहायला पुण्याला गेली नाही. जावई टेम्पो घेऊन दारात आला, तेव्हा गुरांना कोण बघणार म्हणाली. हे मला पुढच्या वर्षी तिच्या सुनेनं सांगितलं. तेव्हा मी एकटाच गेलो होतो. जायला पाहिजे असं वर्षभर वाटत होतं आणि वर्षभर मी टाळलं होतं. मावशी ओढ्यावर गेली होती, म्हणून सून मोकळेपणानं बोलली. नंतर जावयानं सिनेमा मोबाईलवर आणून दाखवला म्हणे. मावशी हौसेनं बसली. आपली गुरं, शेजारच्यांचं घर, सगळ्यांना बोट दाखवून हसली. स्वतः पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हाही हसली. मग तो प्रसंग लागायच्या बेतात आला तसा तिनं मोबाईल जावयाच्या हातात दिला. "बास. पुढचं मला म्हाईत हाय." मधे आणखी कुणी शूटिंगवाले येऊन गेले. त्यांना तिनं जेवू घातलं आणि कामाला नाही म्हणून सांगितलं.

"तुमचा राग न्हाई हां त्यांना," सून म्हणाली. "सांगत असत्यात, येवढ्या लांबनं खरं सांगाया आली मानसं."

मावशी आली. डोक्यावरचं धुण्याचं घमेलं उतरवून तिनं मला ओळखलं, बाकीचे दोघे कसे आहेत ते विचारलं. थांबा, जेवून जा म्हणाली. मी जेवत असताना समोर बसून राहिली.

"यंदाची यादी झाली का हो, दादा?"

यादी आदल्याच आठवड्यात आली होती. सोमवारी सलूनवाल्यानं खण उघडला होता आणि पोस्टकार्डं न काढताच परत लावला होता.

"अजून नाही," मी म्हणालो.

"झाली, न् माझ्यासारखी कुनी ऱ्हायली आसली," ती म्हणाली, "तर तिला नका कळवू."

"नाही कळवत."

"आन् ताट असं कोरडं का ठिवलंय? पिठलं घ्या की," असं म्हणून ती आणायला उठली.