बाईंनी जुळवलेलं भिंग

विज्ञानाच्या बाई तोंडाने फटकळ, पण जीव लावणाऱ्या. सकाळी रसायनशास्त्राच्या तासाला कुणी परीक्षानळी वाकडी धरली, की त्या वर्ग डोक्यावर घेत. दुपारी जीवशास्त्राला कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवत, आपला जाड चष्मा काढून सूक्ष्मदर्शक स्वतः जुळवत आणि बजावत, "स्क्रूला हात लावाल तर याद राखा!"

आता बाईंच्या अधू डोळ्यांना जुळलेलं ते पोरींना कसं दिसणार? पेशींच्या जागी नुसतं धुकं!

आज वर्गात नवी आलेली मुलगी बोलायलाच निघाली, "बाई, काहीच..." तोच शेजारणीने तिला कोपर मारलं. "गप! हळूच फिरव, बघून घे आणि होतं तसं करून ठेव. स्क्रूवर शाईचा ठिपका आहे, तो बरोबर वर आण."

शेवटी बाईंनी पुन्हा चष्मा काढून डोळा लावला. पेशी लख्ख दिसत होत्या.

"सगळ्या बघून गेल्या, पण जरा म्हणून हललं नाही," त्या खूश होऊन म्हणाल्या. "याला म्हणतात शिस्त!"

ठिपका पुसट झाला होता, म्हणून नव्या मुलीने तो गिरवून ठेवला होता. तिने शाईचं बोट मुठीत लपवलं.