सेन्योरांचा नियम

हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत आमचा स्पॅनिशचा वर्ग भरायचा. आम्ही दहाजण, सगळे दिवसभर नोकरी करून आलेले. मी बँकेत कारकून. सरांना आम्ही सेन्योर म्हणायचो. सव्वीस वर्षं त्यांचा नियम एकच: सरावाला बोलाल ते वाक्य खरं हवं. "खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते," ते म्हणायचे. "तुम्हाला सध्या खरं बोलणंच परवडेल."

त्या दिवशी धडा सोशल मीडियाचा होता. फोटो टाकणं, फॉलो करणं, लाइक, ब्लॉक; शब्द फळ्यावर लिहिले आणि एकमेकांना प्रश्न विचारायला सांगितले. कोण किती रील बघतो यावर हसाहशी झाली. सेन्योरांना एक मुलगी आहे एवढंच ठाऊक होतं; मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी त्यांनाच विचारलं, "तुमची मुलगी तुम्हाला फॉलो करते?"

ते सावकाश, आम्हाला कळेल अशा स्पॅनिशमध्ये म्हणाले, "मि इखा मे ब्लोकेआ. माझी मुलगी मला ब्लॉक करते. तीन वर्षं. तिला मुलगा आहे. मी त्याचा फोटो पाहिलेला नाही. मी रोज बघतो, उघडलं का."

उच्चार घोटवायला मी प्रत्येक तासाचा व्हिडिओ रेकॉर्ड करायचे. तेवढा तुकडा कापून मी नेटवर टाकला, खाली रडका चेहरा चिकटवला. वाटलं, मुलीच्या कानावर जाईल, मन पाघळेल. हे अर्धंच खरं आहे. मला लाइक हवे होते, आणि ते चिकार मिळाले.

मुलीच्या कानावरही गेलं. सहाव्या दिवशी सकाळी तिने खाली लिहिलं: "माझं आधी मोडलेलं लग्न यांनी माझ्या सासरच्यांना भर बैठकीत सांगितलं होतं. आता हे. यांचं खरं बोलणं मला पुरे झालं. व्हिडिओ काढून टाका." मी लगेच काढून टाकला.

संध्याकाळी सेन्योर अर्धा तास आधीच येऊन बसले होते. दाढी घोटलेली, चष्मा हातात.

"तिने लिहिलंय म्हणे," ते म्हणाले. "दाखवा ना."

"सेन्योर, तिनेच व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. सकाळीच काढला मी."

"बरं. पण तुम्ही वाचलं असेल ना? काय लिहिलं होतं? स्पॅनिशमध्ये सांगा, तेवढाच सराव."

माझी मलाच लाज वाटत होती. मी जुळवून म्हटलं, "बाबा, तुम्ही कसे आहात? बाळ बरं आहे."

एकही चूक झाली नाही. सेन्योरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "आता तुम्हाला भाषा चांगली यायला लागली."

आणि फळा पुसायला उठले.