सुभेदारांचा दांडगा कपॅसिटर

हंबीरराव पलटणीतून हवालदार म्हणून सुटले. सुभेदार त्यांना गावानं केलं. सिग्नल दलात ते ट्रक चालवायचे. पण गावानं ठरवलं, की सिग्नलवाला म्हणजे रेडिओतला देव. तो गैरसमज मोडायचं पाप त्यांनी केलं नाही. उलट पेन्शनीत पुस्तकं चाळून, बोटं भाजून खरोखर एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला. दहिवडीकडच्या त्या गावात जत्रेची पहिली ओवी मेंढक्या कोंडीबा म्हणणार आणि ती सुभेदारांच्या कर्ण्यातून निघणार, असा रिवाजच पडला.

यंदा जत्रा कमिटीच्या जयराजला फलटणचा डीजे खुणावू लागला. "सुभेदार, चाचणी घिऊ. आवाज येशीपतुर गेला न्हाई, तर डबडं घरी."

सुभेदारांनी पेटी उघडली. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला एक रेझिस्टर होता, आवाजाला लगाम घालून धरणारा. त्याच्या शेजारी त्यांनी दांडगा कपॅसिटर जोडला. आवाजाला लगाम चुकवायला आडवाट मिळाली आणि गेन, म्हणजे आवाज मोठा करायची ताकद, कैक पटीनं वाढला.

"आवं, चालतंय त्यात कशाला बोटं घालताय?" बायको बनुबाई म्हणाली.

"गप. कुमक वाढली की फौज जितती."

चाचणीला कोंडीबा आपला जुना क्रिस्टल माइक घेऊन आला. दुसऱ्या माइकला तो तोंड लावत नसे. त्यानं ओवी उचलली आणि कर्ण्यातून करडू ओरडलं. लय मोठ्यानं, पण करडूच. खर्ज पार गायब.

"येशीच्या पल्याड गेला!" जयराज नाचला. "पास!"

कोंडीबानं माइक खाली ठेवला. "हंबीरा, ह्यो कोण रडतोय रं? देवाला वाटंल कोंडीबा मेला, बदली शेरडू धाडलं. मी न्हाई म्हणायचा."

सुभेदार पेटीत बघत राहिले. इनपुट इंपीडन्सचं, म्हणजे पेटी माइककडून किती ओढते त्याचं, प्रकरण त्यांनी वाचलं होतं, सोडून द्यायचं ठरवण्यापुरतं. तो लगाम नुसता आवाज दाबत नव्हता, ट्रान्झिस्टरची भूकही आवरत होता. आता ट्रान्झिस्टर माइकमधून वखवखून ओढत होता, आणि क्रिस्टल माइक म्हणजे आटलेली शेळी. जोरानं पिळली की खर्ज आधी जातो.

आजूबाजूला अभिनंदन चाललं होतं. सुभेदारांनी पक्कड घेतली आणि कपॅसिटरचा एक पाय तोडला.

कोंडीबानं पुन्हा ओवी उचलली आणि त्याचा घोगरा, भरदार आवाज परतला. पारापर्यंत पोचला, पुढं नाही.

"सुभेदार, नापास!" जयराज म्हणाला.

"व्हय. तुजा डीजे आण."

डीजे आला. देवळाच्या पुढं भिंती हादरल्या. कोंडीबा आणि सुभेदार मागच्या अंगाला जुनी पेटी मांडून बसले, आणि कोंडीबानं ओवी उचलली. गावातली म्हातारी माणसं कानांत बोळे घालून तिथवर आली, आणि मग बोळे काढले.